साहेब तोंडी सांगतात तेव्हा

सरकारी नोकरीत नव्याने आलेली मुलंमुली मला हमखास एकच प्रश्न विचारतात. खाती वेगळी, पदं वेगळी, प्रश्न तोच: "वरिष्ठांनी तोंडी आदेश दिला आणि प्रकरण अंगाशी आल्यावर 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं सांगून हात वर केले, तर आम्ही काय करायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

मुंध्रा प्रकरण सांगितल्याशिवाय मला याचं उत्तर देता येत नाही. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी जन्माला आली. पुढच्याच वर्षी, जून १९५७मध्ये, तिने कलकत्त्याचे सट्टेबाज उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर विकत घेतले. मुंध्रा तेव्हा आर्थिक अडचणीत होते. एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती, पण व्यवहाराआधी तिला कुणी विचारलंच नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी हे लोकसभेत बाहेर काढलं, तेही सत्ताधारी बाकांवरून आणि पंतप्रधानांचे जावई असताना. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत आणि उघड झाली. फेब्रुवारी १९५८मध्ये अहवाल हातात! (हल्ली तेवढ्यात आयोगाला बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ.)

त्या सुनावणीत एक पेच होता, तो नीट समजून घ्या. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणत होते, मंत्र्यांची संमती होती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते, मी या व्यवहाराला मंजुरी दिलेली नाही. जे काही बोलणं झालं असेल ते तोंडी. छागलांनी सांगितलं, की सचिवाने जे केलं त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला, पटेलांची आयसीएसमधली (ब्रिटिशकाळापासूनच्या सनदी सेवेतली) कारकीर्दही त्या प्रकरणाने संपवली. पुढची गंमत अशी, की कृष्णम्माचारी काही वर्षांत पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि १९७७ साली मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री कोण, तर हेच पटेल. हे ऐकून वर्गातली मुलं हसतात. मी त्यांना एवढंच म्हणतो, की बाबांनो, त्या उंचीवरून पडलेला माणूस पुन्हा वर येऊ शकतो, पण निलंबित झालेल्या अव्वल कारकुनाला मंत्रिमंडळात कुणी घेत नाही.

त्यानंतर ज्या सुधारणा झाल्या त्या पाठ्यपुस्तकांत सापडतील: १९६२मध्ये के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती, १९६३मध्ये सीबीआय, १९६४मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आणि त्याच वर्षीचे केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम. सगळं लक्ष दक्षता आयोगाकडे आणि सीबीआयकडे गेलं. माझ्या मते तुमच्या-आमच्या कामाचं कलम वर्तणूक नियमांत आहे. वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत. तोंडी देणं टाळताच आलं नाही, तर त्यांनी लगेच लेखी दुजोरा द्यावा. आणि ज्याला तोंडी निर्देश मिळाला, त्याने तो दुजोरा मागून घ्यावा. म्हणजे मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कर्तव्यच आहे. महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांचा रोखही हाच आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं? फाइल वर जाते आणि 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येते. तुम्ही दालनात जाता. चर्चा होते, म्हणजे साहेब बोलतात आणि तुम्ही ऐकता. मग तुम्ही 'चर्चेप्रमाणे फेरसादर' असं लिहून टिप्पणी, म्हणजे फाइलवरचं तुमचं टिपण, साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे बदलून पुन्हा वर पाठवता. कुणाशी चर्चा, कधी, काय ठरलं, याचा पत्ता नाही. पाच वर्षांनी लेखापरीक्षणवाले किंवा लाचलुचपतवाले आले, की त्या टिप्पणीवर सही तुमची असते. मी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केलं, ज्यांच्या हिरव्या शाईत 'होय' सोडून दुसरं काही मी कधी वाचलं नाही. नकार असो की आडवळणाची सूचना, सगळं इंटरकॉमवर. माणूस हुशार होता, यात शंका नाही.

म्हणून लिहायचं ते असं: 'आज अमुक वाजता अमुक यांच्या दालनात दिलेल्या निर्देशांनुसार प्रस्ताव सुधारून सादर. मूळ प्रस्तावातील नियमाबाबतचा मुद्दा परिच्छेद ४ मध्ये कायम आहे. निर्देशांची पुष्टी व्हावी.' आवाज चढवायचा नाही, तक्रारीचा सूर नको. नियमाचा मुद्दा मात्र काढायचा नाही, कारण उद्या तोच तुमच्या बाजूने बोलणार आहे. उलट टोकही बरं नव्हे. जे तुमच्या अधिकारात आहे, त्यासाठी उठसूट वर परवानगी मागून जबाबदारी ढकलू नका. केंद्रीय नियमांच्या स्पष्टीकरणात तेही बजावलेलं आहे.

२०१३मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तोंडी निर्देश लेखी नोंदवण्याचं हेच तत्त्व पुन्हा सांगितलं. न्यायालयाचा मुद्दा मला फार पटतो: आदेश कागदावर नसेल तर माहिती अधिकारात नागरिकाला मिळणार काय? २००६मध्ये केंद्राने फाइलवरच्या टिप्पण्या माहिती अधिकारातून वगळायचा घाट घातला होता, तेव्हा अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती मागे पडली. टिप्पणी उघडी राहिली हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून अवघड गोष्टी टिप्पणीत यायच्या थांबल्या आणि फोनवर गेल्या, असं माझं निरीक्षण आहे.

तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न मला कळतो. दुजोरा मागितला आणि बदली झाली तर? तोंडी आदेश चालतात ते याच भीतीवर. त्यामुळे मुंध्रानंतर उभ्या राहिलेल्या सगळ्या डोलाऱ्यापेक्षा महाराष्ट्राचा २००५चा बदल्यांचा कायदा मला जास्त मोलाचा वाटतो. सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. त्याआधी हलवायचं तर कलम ४(५)प्रमाणे विशेष कारणं लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. पळवाट आहेच. 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द कुठल्याही कारणाच्या जागी बसतात. तरीही त्या दोन शब्दांवर भागवलेली बदली मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) टिकतेच असं नाही. आदेश हातात पडला, की त्याच दिवशी माहिती अधिकारात बदलीच्या प्रस्तावाची टिप्पणी आणि पूर्वमान्यतेची प्रत मागा, आणि तुमच्या त्या 'पुष्टी व्हावी'च्या टिप्पणीची तारीख बदलीच्या प्रस्तावाच्या तारखेशेजारी ठेवून वकिलाला दाखवा.