मडगार्ड न कापता पद्मिनीच्या टायरचं घासणं थांबवलं

माझ्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचं पुढचं डावं चाक मडगार्डला घासायला लागलं, तेव्हा ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा: मडगार्डची आतली कड ग्राइंडरने उडवून टाका. मला ते अजिबात मान्य नव्हतं. हा कुर्ल्याच्या कारखान्यातला मूळ पत्रा. एकदा कापला की गेला, शिवाय कापलेल्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. त्यामुळे आधी घासतंय कुठे आणि का, ते शोधायचं ठरवलं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे फुल कट मारून पाहिली, कुठेच लागत नव्हतं. आवाज यायचा तो उजवीकडे वळताना खड्डा आला की, म्हणजे गाडीचा भार डाव्या चाकावर येऊन स्प्रिंग दबली की. टायरच्या बाहेरच्या कडेला खडू फासला आणि सोसायटीच्या उतारावरून वळत गाडी खाली आणली. मडगार्डच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा उमटला. तिथे बोट फिरवलं तर अंडरकोट (गंज लागू नये म्हणून पत्र्याला मारलेला थर) पार निघालेला, पत्रा गुळगुळीत झालेला आणि कोपऱ्यात काळ्या रबराची भुकटी साठलेली.

मग टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. (जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेच्या फरकाने माप चुकतं.) डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली होती. आणि उजवीही फार वर होती असं नाही.

दोष एक नव्हता, दोन होते. पहिला टायरचा. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, अरुंद. आधीच्या मालकाने रुंद अलॉय रिमवर १८५/७० आर १४ चढवले होते. मूळ टायरच्या जागी आज घालता येणाऱ्या १५५/८० आर १४ रेडियलचा व्यास साधारण ६०४ मिलिमीटर भरतो, १८५/७० चा ६१५. उंचीतला फरक किरकोळ वाटतो, पण रुंदी तब्बल ३० मिलिमीटरने वाढते, आणि त्या अलॉयच्या ऑफसेटमुळे (रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून जितका सरकलेला असतो ते अंतर) चाक आणखी बाहेर आलेलं. दुसरा दोष स्प्रिंगचा. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पुढच्या दोन्ही कॉइल कापलेल्या होत्या. कॉइल कापली की गाडी खाली बसते आणि स्प्रिंग कडकही होते, कारण काम करणारे वेढे कमी होतात. त्यात कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. डावीकडे ते सरकलेलंच होतं आणि बंप स्टॉपच्या, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणाऱ्या, रबराचा चुरा झाला होता.

वेढ्यांमध्ये रबराचे बफर ठोकून गाडी उचलून देतो, असंही एकाने सुचवलं. स्वस्त पडतं, पण रबर बसवलेले वेढे हलेनासे होतात आणि ताण उरलेल्यांवर येतो. ते नाकारलं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीच्या जिवावर चालणारा पार्टचा धंदा आता आटतोय. पुण्यात नाना पेठेत चौकशी केली, मग मुंबईला ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांमध्ये शोधलं, तेव्हा कुठे पुढच्या कॉइलची न वापरलेली जोडी मिळाली. दुकानातच दोन्ही कॉइल शेजारी उभ्या करून उंची ताडून पाहिली, तारेची जाडी व्हर्नियरने मोजली. जोडीतल्या दोन कॉइल वेगळ्या निघाल्या, तर गाडी पुन्हा एका अंगाला झुकणार.

बसवायचं काम टॅक्सी दुरुस्त करण्यात उभी हयात गेलेल्या काकांकडे दिलं. "साहेब, स्प्रिंग सुटताना समोर कुणी उभं राहायचं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), लोअर आर्मखाली (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक, कॉइलमधून साखळी ओवून चासीला बांधलेली, आणि मग जॅक इंच इंच खाली. घाई नाही. नवे बंप स्टॉप आणि लोअर आर्मचे रबरी बुशही (सांध्यातली रबरी नळकांडी) त्याच वेळी टाकले. बुशचे बोल्ट मात्र काकांनी गाडी चाकांवर उतरवून, पूर्ण भार आल्यावरच आवळले. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये हे हमखास राहून जातं, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या.

अलॉय विकले, मूळ स्टीलच्या रिमवर १५५ चे रेडियल घातले. नव्या स्प्रिंगा थोड्या बसू दिल्या, काही आठवडे गाडी चालवून मापं पुन्हा घेतली. डावी-उजवीत आता दोन-तीन मिलिमीटरचा फरक आहे. मगच अलाइनमेंट केलं, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर (चाकं आत-बाहेर वळलेली आणि उभ्यात झुकलेली असण्याचे कोन) दोन्ही बदलतात. पुढचं नाक वर आल्याने हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात होता, तोही खाली घेतला.

पुन्हा खडू फासून तोच उतार, तेच वळण घेतलं. मडगार्डला कुठेही पांढरं लागलं नाही. घासलेल्या जागेला प्राइमर आणि अंडरकोट मारून घेतलाय. आता मागच्या स्प्रिंगचे पाटे उतरवायचे आहेत.