एक नाव, एक खोली : आमची वाटचाल

पर्यटन व्यवसायात रूमिंग लिस्ट नावाचा एक कागद असतो. कोणत्या खोलीत कोण राहणार, याची यादी. वर जोडपी, मधे कुटुंबं, आणि तळाशी एखादं एकटं नाव. स्वतःची कंपनी काढण्याआधी मी एका मोठ्या पर्यटन कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये होते, आणि त्या तळाच्या नावाचं काय करायचं हे ठरवणं माझ्याकडे असे. पर्याय दोनच. दुसरी कुणी एकटी बाई किंवा दुसरा कुणी एकटा पुरुष सापडला तर दोघांना एका खोलीत घालायचं, नाहीतर फोन करून सिंगल सप्लिमेंटचा, म्हणजे स्वतंत्र खोलीसाठीच्या जादा पैशांचा, आकडा सांगायचा. पलीकडची व्यक्ती बहुतेक वेळा तिशी ओलांडलेली, स्वतःच्या कमाईवर निघालेली, आणि दोन्ही पर्याय ऐकून गप्प झालेली. अनोळखी माणसाच्या घोरण्याशी जुळवून घ्यायचं वय सरलेलं असतं.

त्या गप्प होण्याची कणव येऊन आम्ही तिशीपुढच्या एकट्या प्रवाशांसाठी ग्रुप टूरची कंपनी काढली असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल. खरं म्हणजे कंपनी निघाली हिशेबातून. हॉटेल पैसे माणशी घेत नाही, खोलीमागे घेतं. जाहिरातीत जो माणशी दर दिसतो त्यात अर्धीच खोली धरलेली असते. एकटा माणूस उरलेली अर्धी खोली विकत घेतो, तेच सप्लिमेंट. इथपर्यंत व्यवहार सरळ आहे. पण गाडी, गाइड, प्रवेश तिकिटं या खर्चात एकटा माणूस त्याचा पूर्ण वाटा देतच असतो, आणि तरीही काही टूरमध्ये सप्लिमेंटचा आकडा अर्ध्या खोलीच्या खऱ्या किमतीच्या वर गेलेला मी पाहिला होता. तेव्हा माझ्या भागीदाराने आणि मी कागदावर एक साधी गोष्ट मांडून पाहिली. ग्रुपमधले सगळेच एकटे असतील तर सप्लिमेंट उरतच नाही. एका नावाला एक खोली, आणि तोच मूळ दर.

हा दर विकणं मात्र सोपं नव्हतं. इतरांच्या अर्ध्या खोलीशेजारी आमची अख्खी खोली महागच दिसणार. अजूनही दिसते. चौकशीला आलेल्या माणसाला आम्ही आधी एवढंच सांगतो की दुसऱ्या कंपनीचा दर घ्या, त्यात त्यांचं सप्लिमेंट मिळवा आणि मग तुलना करा. काही वेळा त्यानंतरही ते स्वस्त निघतात. मग तिकडे जावं, त्यात काही वाईट नाही.

या वयाचा विचार करणारे आम्ही पहिले नाही. तरुणांच्या ग्रुप टूरचा पाया कॉन्टिकी या कंपनीने 1962 मध्ये घातला, पण त्यांची वयोमर्यादा बराच काळ 18 ते 35. लंडनची फ्लॅश पॅक 2014 मध्ये निघाली ती नेमकी तिशी-चाळिशीतल्या एकट्या प्रवाशांसाठी. कोविडमध्ये 2020 साली ती बंद पडली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. आमच्यासारख्या छोट्या कंपनीला त्यांच्या गोष्टीतून एक कळलं : ग्राहक आहे, पण संकटात टिकायचं तर ग्राहकाचे पैसे आणि कंपनीचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत हवेत. मार्च 2020 नंतरच्या काळाबद्दल यापलीकडे मला फारसं लिहावंसं वाटत नाही. परतावे दिले, हॉटेलांशी तारखांवरून घासाघीस केली, वाट पाहिली.

ग्रुप किती मोठा असावा, यावर आमच्यात जेवढा वाद झाला तेवढा कशावरच झाला नसेल. भागीदाराला सोळा हवे होते, कारण गाडीचा आणि गाइडचा खर्च तेवढा पातळ होतो. मला दहा. शेवटी बारावर आलो आणि आजही तिथेच आहोत. सोळा माणसं जेवायला बसली की बेटं तयार होतात आणि पहिल्या दिवशी तयार झालेली बेटं शेवटपर्यंत हलत नाहीत. पाच-सहाच असतील तर एकाचं कुणाशी पटलं नाही तरी सगळ्या टूरवर त्याचं सावट पडतं. बारांत रोज वेगळ्या खुर्चीवर बसता येतं आणि कुणाला टाळायचं असेल तर ते उघड न होता टाळता येतं. शिवाय गाडीचं गणित. सोळा-सतरा आसनांच्या गाडीत बारा एकटे प्रवासी बसवले तर जवळजवळ प्रत्येकाला स्वतःची खिडकी मिळते. जोडप्यांच्या टूरवर या गोष्टीवरून कुणी भांडत नाही. आमच्याकडे खिडकी हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

किमान संख्या ही दुसरी बाजू. ग्रुप भरला नाही तर आयोजक टूर रद्द करू शकतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येतं. युरोपीय संघाच्या 2015 च्या पॅकेज प्रवास नियमांत याची मुदत ठरवून दिली आहे : सहा दिवसांहून मोठ्या टूरसाठी निघण्याच्या किमान 20 दिवस आधी, दोन ते सहा दिवसांच्या टूरसाठी 7 दिवस आधी कळवावं लागतं. पैसे परत मिळतात ते पॅकेजचे. विमानाचं तिकीट स्वतः वेगळं काढलं असेल तर ते तुमच्याच गळ्यात. आमचे प्रवासी वेगवेगळ्या शहरांतून येतात, तिकीट ज्याचं त्याने काढायचं असतं, त्यामुळे वीस दिवस ही मुदत आम्हाला अपुरी वाटली. आम्ही दोन महिने आधी तारीख पक्की झाली की नाही ते सांगतो, आणि त्याआधी परतावा नसलेलं तिकीट काढू नका असं बुकिंगच्या वेळीच लिहून देतो. तुम्ही कुणाहीबरोबर जा, हा एक प्रश्न जरूर विचारा : टूर पक्की कधी होणार?

काही ठिकाणी एकट्याला ग्रुपशिवाय गत्यंतरच नसतं. पेरूची इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूपर्यंत डोंगरातून जाणारी पायवाट, हे आमचं त्यातलं आवडतं उदाहरण. परवानाधारक संस्थेशिवाय त्या वाटेवर पाऊल टाकता येत नाही. दिवसाला 500 जणांनाच प्रवेश, आणि त्यात गाइड आणि हमालही मोजलेले. परवाना पासपोर्टच्या तपशिलावर निघतो, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फेब्रुवारीत वाट बंद. म्हणजे ऐनवेळी मन झालं म्हणून येणाऱ्याला तिथे जागा नाही, आणि मधेच पासपोर्टचं नूतनीकरण करून घेणाऱ्याने आम्हाला आधी कळवायचं.

याच टूरमुळे आम्ही जे विकतो त्याची दुसरी बाजू नीट समोर आली. ट्रेलआधी जिथे मुक्काम असतो ते कुस्को शहर सुमारे 3,400 मीटरवर आहे, आणि ट्रेलवरची सर्वात उंच खिंड 4,215 मीटरवर. उंचीचा त्रास साधारणपणे पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत सुरू होतो. दुपारी उतरलेल्या माणसासाठी म्हणजे रात्री, दार बंद झाल्यावर. जोडप्यात शेजारच्याला कळतं की हा नीट झोपलेला नाही, बोलताना अडखळतोय. आमच्याकडे शेजारी कुणी नसतं. प्रवाशाला जी स्वतःची खोली हवी असते, तीच आमच्या टूर लीडरची झोप उडवते.

म्हणून उंचीवरच्या मुक्कामात दोघा-दोघांच्या जोड्या लावतो. खोल्या वेगळ्याच, पण झोपण्याआधी आणि सकाळी एकमेकांचं दार वाजवायचं. प्रौढ माणसांना हे सांगताना लीडरला थोडं अवघडल्यासारखं होतं. पहिल्या संध्याकाळी हसू येतं, दुसऱ्या सकाळी कुणी हसत नाही.

फॉर्ममधला तातडीच्या संपर्काचा रकानाही त्यातूनच बदलला. एकट्या माणसांच्या फॉर्ममध्ये तो बऱ्याचदा रिकामा येई, किंवा वृद्ध आईचं नाव येई. आता आम्ही दोन नावं मागतो : रात्री दोन वाजता फोन उचलेल असं एक, आणि हॉस्पिटलने विचारलं तर निर्णय घेऊ शकेल असं दुसरं. दोन्ही एकच असतील तर उत्तम. विम्याचा कागद सगळेच आणतात, युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी तर किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. पण विमा कंपनी पैसे देते, निर्णय घेत नाही.

पहिल्या संध्याकाळी गोल करून ओळखपरेड घेणं आम्ही लवकरच बंद केलं. तिशीनंतरच्या माणसाला "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की तो नोकरीचं पद सांगतो आणि मोकळा होतो. त्यापेक्षा स्थानिक सिम कार्ड घ्यायला सगळ्यांना एकत्र नेलं तर तासाभरात कोण चिडतं, कोण मदत करतं, कोण हिशेबाला पक्कं आहे ते आपोआप कळतं.

मोकळा वेळ मात्र ठरवून ठेवावा लागतो. जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरात सुमारे सव्वा किलोमीटरची चिंचोळी घळ, सिक, सगळे गाइडबरोबर चालतात. खडकात कोरलेल्या अल-खजनेसमोर फोटो झाले की गाइड थांबतो आणि उरलेला दिवस ज्याचा त्याचा. कुणी आठशेच्या आसपास पायऱ्या चढून अद-दैर या वरच्या कोरीव वास्तूपर्यंत जातं, कुणी थडग्यांच्या सावलीत वही काढून बसतं. भेटायची वेळ आणि जागा तेवढी पक्की. कुणी मागे राहिलं म्हणून दुसऱ्याचा पाय अडत नाही, आणि एकट्यांच्या ग्रुपचं खरं सुख मला यातच दिसतं. संध्याकाळी परत बारा जण एका टेबलावर येतात तेव्हा सांगायला प्रत्येकाकडे वेगळं काहीतरी असतं.

लग्नं जुळतात का, हा प्रश्न विचारला गेला नाही असा आठवडा जात नाही. जुळली आहेत. जाहिरातीत आम्ही ते घालत नाही, कारण मग त्याच अपेक्षेने येणारे वाढतील आणि बाकीच्यांचा विरस होईल. आमच्याकडे बायकांची संख्या कायम जास्त असते. पुरुषांसाठी जागा राखून 'समतोल' साधा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. ज्या क्रमाने बुकिंग येतं त्या क्रमाने जागा देतो, तेवढाच समतोल.

बुकिंगआधी आम्ही प्रत्येकाशी फोनवर बोलतो. ज्यांना खरं तर कुणाशीच बोलायचं नसतं, त्यांना खाजगी गाइड घ्या असं स्पष्ट सांगतो. काही दुखावतात. काहींनी वर्षभराने फोन करून ग्रुपमध्ये जागा मागितली, तेही झालंय.

सध्या कचेरीत वाद चालू आहे तो वयाचा. सुरुवातीला पस्तिशीत आलेले प्रवासी आता पंचेचाळिशी ओलांडताहेत आणि वरची मर्यादा काढून टाका म्हणताहेत. भागीदाराचं म्हणणं, वय सोडा आणि चालण्याच्या क्षमतेवर टूरचे स्तर करा. नव्याने चौकशी करणारी तिशीतली मंडळी मात्र पहिला प्रश्न हाच विचारतात, बाकीचे कोणत्या वयाचे आहेत? जॉर्डनची पुढच्या हंगामातली एक तारीख आम्ही वयाची अट न घालता उघडली आहे. तिच्यावर नावं येऊ लागली आहेत, आणि ती पक्की करायची की नाही हे नेहमीसारखं दोन महिने आधी ठरेल.