ह्वांगशान: चित्रातला डोंगर पाहायला जाताना

चिनी निसर्गचित्रांतले उभेच्या उभे सुळके, कड्याला लोंबकळणारी पाइनची झाडं आणि मधेच कोरा सोडलेला कागद ही सगळी चित्रकाराची करामत वाटत असेल, तर आन्हुई प्रांतातला ह्वांगशान पाहावा. कोरा कागद म्हणजे ढग, हे तिथे पहिल्याच सकाळी कळतं.

आपला डोळा सह्याद्रीच्या आडव्या थरांना सरावलेला. इथे ग्रॅनाइट आहे आणि त्याला उभ्या भेगा. भेगेत पाणी शिरतं, थंडीत गोठतं आणि कातळ उभा सोलला जातो. होंगरेनने (1610–1664) नेमकं हेच पकडलं: कोरडी शाई, बारीक कोनदार रेघा, एकावर एक रचल्यासारखे चौकोनी ठोकळे, छटा जवळजवळ नाहीच. मिंग राजवट कोसळल्यावर भिक्षू झालेला हा चित्रकार पायथ्याजवळच्या शे परगण्याचा. चिनी रसिकांत एक वाटणी चालत आलेली आहे: चित्रकार शिताओला ह्वांगशानचा प्राण मिळाला, चित्रकार मेई छिंगला छाया आणि होंगरेनला हाडं. वाटणी जरा सोपी आहे, पण कुठे कधी थांबायचं हे ठरवायला फार उपयोगी.

हाडं पाहायची तर शिशिन शिखर, तेही हवा स्वच्छ असताना. युनगू रोपवेने वर गेलं की ते जवळच आहे. तिथल्या पाइनचे शेंडे सपाट असतात आणि फांद्या कातळाकडे पाठ करून एकाच बाजूला पसरतात. मुळं थेट भेगेत. छाया पाहायची तर संध्याकाळी पश्चिमेकडच्या पाइयुन मंडपापाशी थांबावं. पाऊस पडून गेल्यावरचा दिवस सर्वांत चांगला.

मुक्काम वरच करावा. महाग पडतो, कारण बरंचसं सामान हमाल खांद्यावरून वर नेतात. पण पहाट आणि संध्याकाळ दोन्ही हाती लागतात. दुसऱ्या दिवशी गुआंगमिंग दिंग हे शिखर (1860 मीटर) करून युपिंग रोपवेने उतरावं. या वाटेवर पायऱ्यांची चढउतार संपता संपत नाही, गुडघे बोलायला लागतात. मोठी बॅग खाली पायथ्याच्या थांगखोऊ गावात ठेवलेली बरी.

हमखास होणारी चूक हॉटेल बुक करताना होते. ‘ह्वांगशान शहर’ म्हणजे थुनशी. ते डोंगरापासून तासाभरावर. डोंगरासाठी थांगखोऊच शोधावं. वेगवान रेल्वेने ह्वांगशान उत्तर स्टेशनला उतरून बसने थांगखोऊ आणि तिथून उद्यानाच्या बसने रोपवे. पासपोर्ट जवळ हवाच. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा. पश्चिमेची दरी हिवाळ्यात बंद असते. लोटस आणि थियानदू ही शिखरं आलटून पालटून काही वर्षं बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करावी.

जागेवर बसून रंगवणार असाल तर कच्चा शुआन कागद (शाई शोषून घेणारा पारंपरिक चिनी कागद) नेऊ नका. धुक्यात तो ओल धरतो, पहिली रेघ वाळत नाही आणि दुसरी तिच्यात फुटते. तुरटी-सरस लावलेला पक्का कागद घ्यावा. पोस्टकार्डाएवढे पंधरा-वीस तुकडे आणि क्लिपची पाटी पुरे. भेगा आधी पेन्सिलीने टिपाव्यात, ढग कधी येऊन झाकतील सांगता येत नाही. थंडीत शाई दाट होते, कारण तिच्यातला सरस गोठायला लागतो. थर्मासमधल्या कोमट पाण्याचे पाच-सहा थेंब घालून घासली की ठीक होते.

शाईची कांडी आणि शे परगण्याची दौत (कांडी घासायची दगडी सहाण) थुनशीच्या जुन्या बाजारात मिळते. दौत विकत घेण्याआधी तिच्यावर कांडी घासून पाहावी. काचेसारखी गुळगुळीत असेल तर कांडी नुसती घसरते, शाई सुटत नाही. मूळ चित्रं पाहायची तर हफेई शहरातलं आन्हुई संग्रहालय आहे. मात्र जुना कागद उजेडाने खराब होतो, म्हणून अशी चित्रं बदलून बदलून मांडतात. होंगरेन भिंतीवर आहे का, हे विचारूनच हफेईचं तिकीट काढावं.