21 दिवसांचं इंजेक्शन आणि बंद पडलेला नळ

मी साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. हल्ली ड्युटी संपली की ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या आरोग्याबद्दल मिळेल ते वाचत बसते. घरचे विचारतात की हे कुठलं खूळ. खूळ नाही, आमच्या ओपीडीला आलेल्या एका पोरीमुळे हे सुरू झालं.

पाचवी-सहावीतली असेल. तिची आई म्हणाली, "ताई, हिना गुडघा सुजी गया व्हता, तो बरा व्हयना, मंग आते कोपर दुखस." एक सांधा बरा होतो आणि दुसरा धरतो, वर बारीक ताप, हे ऐकल्यावर आमच्या डॉक्टरांनी लगेच छातीला स्टेथो लावला आणि धुळ्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं. हृदयाची झडप खराब व्हायला लागली होती. ऱ्हुमॅटिक हार्ट डिसीज. घशात किंवा कातडीवर स्ट्रेप नावाच्या जंतूचं इन्फेक्शन होतं, शरीर त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं, आणि परत परत इन्फेक्शन झालं की झडप जास्त जास्त खराब होत जाते. म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, आणि ते एक-दोन वर्षं नाही, कित्येक वर्षं.

ज्यांनी हे इंजेक्शन दिलंय त्यांना माहितीये काय प्रकार असतो. पांढरं घट्ट औषध, नीट हलवलं नाही तर सुईतच अडकतं, मी बाटली हातात धरून तळव्यांत फिरवत राहते तोवर पोरगी माझ्या हाताकडेच बघत असते. कमरेत हळूहळू द्यावं लागतं, दुखतंही खूप, दुसऱ्या दिवशी पोर लंगडते. आणि दिवाळीनंतर तिचे आईबाप उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरगी बरोबर, पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपट्यांच्या तळावर. मग पुढचे पाच-सहा महिने 21 दिवस कोण मोजणार?

हेच शोधता शोधता मी ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांतात, पोचले. इतका श्रीमंत देश, आणि तिथल्या शहरातल्या डॉक्टरांना हा रोग क्वचितच दिसतो, पण दूरवरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांत शाळकरी पोरांना अजून होतोय. देशातल्या ऱ्हुमॅटिक तापाच्या दहा केसेसमधल्या नऊहून जास्त मूळनिवासी लोकांच्या, आणि लोकसंख्येत ते चार टक्केसुद्धा नाहीत. खुपऱ्यांचंही तसंच. डोळ्यांच्या खुपऱ्या, ज्यामुळे आपल्याकडे आजी-पणजीच्या पिढीत माणसं आंधळी व्हायची, तो रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून संपल्याचं डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं. श्रीमंत देशांपैकी एकट्या ऑस्ट्रेलियात तो इतकी वर्षं टिकून राहिला, तोही या वस्त्यांमध्येच. 1976 पासून फ्रेड हॉलोज नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टीम घेऊन वस्त्या-वस्त्या पालथ्या घातल्या, लाखभर लोकांचे डोळे तपासले, तेव्हा कुठे हे किती पसरलंय ते देशाला कळलं.

डॉक्टर पोचतच नव्हता असंही नाही. 1928 पासून तिकडे विमानाने डॉक्टर जातो, फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. आपल्याकडे झोळी करून पेशंट रस्त्यापर्यंत आणतात त्यापुढे विमान म्हणजे स्वप्नच, आणि जीव वाचतात त्याने, ते मी नाकारत नाही. पण झोळी काय आणि विमान काय, दोन्ही माणूस आजारी पडल्यानंतरचं काम. खरूज, कातडीवरचे फोड, घसा, जुलाब हे विमानाने थांबत नाही.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते 1987 चं काम. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या स्वतःच्या आरोग्य संस्थेने, न्गानाम्पा हेल्थ कौन्सिल नाव तिचं, एक साधा प्रश्न विचारला की आमची माणसं उपचार घेऊन घरी जातात आणि परत तोच आजार घेऊन का येतात. उत्तर शोधायला एक डॉक्टर, एक मानववंशशास्त्रज्ञ आणि पॉल फोलेरोस नावाचे आर्किटेक्ट असे एकत्र बसले आणि घरात निरोगी राहायला काय काय जमलं पाहिजे याची नऊ कामांची यादी केली. पहिलं काम, अंग धुता येणं, त्यातही पाच वर्षांखालच्या पोरांचं. दुसरं, कपडे-अंथरूण धुता येणं. तिसरं, सांडपाणी घरापासून दूर जाणं. मग स्वयंपाक, दाटी, धूळ वगैरे. यादीत कुठेही "लोकांना स्वच्छतेचं महत्त्व पटवून द्या" असं नाही! आधी बघा की नळ चालू आहे का, पाणी गरम होतं का, मोरीतून पाणी वाहून जातं का.

आणि बघायला गेल्यावर काय दिसलं? पुढे देशभरात साडेसात हजारांच्या आसपास घरं तपासली गेली, त्यात पोराला आंघोळ घालता येईल असा चालू शॉवर साधारण 35 टक्के घरांतच. बिघाड कशाने झाले तेही मोजलं. सुमारे 70 टक्के नुसती देखभाल न झाल्यामुळे, वीस-एकवीस टक्के मुळात कामच खराब केल्यामुळे, आणि रहिवाशांनी तोडफोड किंवा चुकीचा वापर केला म्हणून फक्त 9 टक्के.

हा 9 चा आकडा मला प्रत्येक मीटिंगमध्ये भिंतीवर लिहून ठेवावासा वाटतो. कारण आपल्याकडे आढावा बैठकीत आदिवासी पाड्यावर खरूज किंवा जुलाब निघाले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "या लोकांना स्वच्छतेची सवय नाही." अरे पण जलजीवनचा नळ दारात उभा आहे आणि पाईप फुटून कित्येक महिने झालेत, बाई दोन हंडे घेऊन ओढ्यावर जाते, त्या दोन हंड्यांत प्यायचं, रांधायचं आणि चार पोरांच्या आंघोळीचं कसं बसवायचं ते सवय-सवय म्हणणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं.

ऑस्ट्रेलियातल्या त्या घरं तपासणाऱ्या टीमचा आणखी एक नियम होता, पाहणीला आलात तर काम केल्याशिवाय जायचं नाही. म्हणजे टीम पहिल्याच दिवशी घरात शिरते ती पाना-पक्कड घेऊन, वस्तीतलीच पोरं शिकून बरोबर असतात, वायर धोकादायक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त. न्यू साउथ वेल्समध्ये अशी कामं झालेल्या घरांचा दहा वर्षांचा हिशोब तिथल्या आरोग्य खात्याने मांडला तेव्हा संसर्गजन्य आजारांनी दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण इतरांपेक्षा 40 टक्के कमी निघालं. कुठली नवी लस नाही, औषध नाही, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन. आपल्याकडे फॉर्म भरायला येणारी माणसं मी इतकी बघितलीत की हा नियम वाचून मला खरंच भरून आलं.

दवाखाने चालवायची त्यांची पद्धतही बघण्यासारखी आहे. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला, आज असे 140 हून जास्त आहेत, कमिटी लोकांनी निवडलेली, आणि वस्तीतलेच प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, ज्यांची 2012 पासून नर्स-डॉक्टरांसारखी राष्ट्रीय नोंदणी होते. आमच्या आशाताई तेच काम करतात, पाड्यावरच्या प्रत्येक घरातलं त्यांना माहिती, पण त्यांना अजून मोबदल्यासाठी मोर्चे काढावे लागतात. सगळं तिकडे छान आहे असं मला म्हणायचं नाही, छान असतं तर पोरांच्या झडपा अजून खराब झाल्या नसत्या. घरांची दाटी आणि दुरुस्ती हे तिथलंही रखडलेलंच दुखणं आहे.

पण एक गोष्ट आपण उद्या करू शकतो. नॉर्दर्न टेरिटरीत या रोगाचं रजिस्टर आहे, 1997 पासून. तिथली माणसंही कायम फिरतीवर, नातेवाईकाच्या मयतीला दुसऱ्या वस्तीत गेली की आठवडे तिकडेच. ज्या क्लिनिकला पोचेल तिथे रजिस्टरमध्ये बघून कळतं की मागचा डोस कधी झाला आणि पुढचा कधीचा. आमच्या पोरीची नोंद आमच्या वहीत आहे, वही कपाटात, आणि पोरगी राज्याच्या हद्दीपलीकडे.

यंदा मी एवढं ठरवलंय. दिवाळीआधी मुकादमाकडून कुठल्या पडावावर जाणार ते लिहून घ्यायचं, आईच्या मोबाईलमध्ये तारखा आणि इकोच्या रिपोर्टचा फोटो टाकून द्यायचा, आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात आधीच फोन करून ठेवायचा. आणि ग्रामसभेत पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) अबंध निधीतून, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायच्या पैशातून, पाड्यावरच्या दोन पोरांना नळदुरुस्ती शिकवून सामान घेऊन द्यायचा विषय मांडायचा, सरपंचबाई तयार आहेत. बारडोली, मढी, व्यारा भागात ऊसतोड मजुरांमध्ये किंवा तिथल्या आरोग्य केंद्रात कोणी काम करत असेल, किंवा ओळखीचं असेल, तर प्लीज मेसेज करा, मला फक्त हे कळायला हवं की पडावाजवळ हे इंजेक्शन कुठे आणि कुठल्या वारी मिळतं.