कायमस्वरूपी (अटीसह)

आमच्या शेतात वीस गुंठ्यांवर जी टाकी उभी आहे, तिला गावात कोणी बायोगॅस म्हणत नाही. 'कचऱ्याची लाइन' म्हणतात. वरुड-मोर्शीकडे विजेला लाइनच म्हणायची पद्धत: लाइन आली, लाइन गेली. तर कचऱ्यापासून निघते ती कचऱ्याची लाइन.

रोज दोन टनांच्या आसपास माल जातो तिच्या पोटात. निम्मं शेण, बाकी बाजारातला सडका भाजीपाला, हॉटेलांचं उष्टं, हंगामात गळलेली संत्री. शंभर-सव्वाशे घनमीटर गॅस निघतो, त्याचे दीडशेच्या घरात युनिट. त्यावर आमचं संत्रा ग्रेडिंगचं शेड चालतं, गिरणी चालते आणि रात्री विहिरीवरची मोटर. उरलेली स्लरी बगीच्याला. यांनी टाकी बांधली, पण तिचं खाणंपिणं माझ्याकडे. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, लग्नानंतर वीस वर्षं पीएचच्या पट्टीला हात लावला नव्हता, तो इथं लागला.

तर या लाइनीची परवानगी तीनच वर्षांची. ग्रामपंचायतीच्या ठरावात 'प्रायोगिक तत्त्वावर' असे शब्द होते, त्यामुळे तालुक्याहून अकृषिक आदेश आला तोही तात्पुरता. प्रदूषण मंडळाची संमती वेगळी. पाण्याचा 1974 चा कायदा आणि हवेचा 1981 चा, या दोन्हींखाली ती घ्यावी लागते, आणि ती सगळ्यांना मुदतीचीच मिळते, मग नूतनीकरण करत राहायचं. त्याचं काही नाही. पण जागेचीच परवानगी तात्पुरती असली की पंचाईत होते. बँकेत गेलो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी फाइल दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाले, "मॅडम, कर्ज सात वर्षांचं मागता, परवानगी दहा महिन्यांची उरली. पुढचे सहा वर्षं हप्ता कशातून भरणार?" चुकीचं काही बोलले नाहीत ते.

आणि तीन वर्षांसाठी सिमेंट कोण ओतणार? म्हणून स्लरीचा खड्डा कच्चा, खाली ताडपत्री. इंजिन पक्क्या पायावर नाही, बाभळीच्या ओंडक्यांवर. गॅसमधला सडक्या अंड्याचा वास काढायला लेथवाल्याकडून लोखंडाचा चुरा आणून एका जुन्या ड्रमात भरला आहे. गंजून लाल झालेला चुरा काळा पडला की बदलायचा. चालतं सगळं. पण दोरीनं बांधलेलं चालावं तसं.

आता मुदत संपत आली म्हणून आम्ही कायमस्वरूपी परवानगीचा अर्ज केला. 7/12, मोजणीचा नकाशा, चतुःसीमा, प्रतिज्ञापत्र, आणि सगळ्यात आधी ग्रामसभेचा नवा ठराव. इथं मला मागच्या भाद्रपदातली गोष्ट सांगावीच लागेल, कारण ग्रामसभेत ती निघणार हे मला ठाऊक होतं.

पावसानं संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ जबरदस्त झाली होती. गळालेलं फळ बागेत ठेवू नका, बुरशी पसरते, असं कृषीवाले सांगतातच. लोकांनी ट्रॉल्या भरभरून आमच्याकडे आणल्या. फुकटचा माल! मी हो म्हणत गेले. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ चिमटली की तडतड ठिणग्या उडतात, लहानपणी दिवाळीत आम्ही सगळ्या भावंडांनी हा खेळ केलेला. ते सालीतलं तेल. लिमोनीन म्हणतात त्याला, आणि गॅस तयार करणारे जंतू त्यानं मरतात. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही, ट्रॉल्या पाहून विसरले.

पाचव्या दिवशी बर्नरची ज्योत निळीची पिवळी झाली, सातव्या दिवशी पेटेचना. पट्टी बुडवली तर पीएच साडेपाच. सातच्या आसपास लागतो. टाकीला आंबट ढेकर आल्यासारखा फेस आला, तो वरून उतू गेला, कच्च्या खड्ड्यात पावसाचं पाणी होतंच, खड्डाही भरून वाहिला. वारा पश्चिमेचा. त्याच्या वाटेत पहिलं घर शेजारच्या आजीचं.

आणि दिवस कोणता, तर महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. आजीच्या घरी आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, लेकी-जावई, पन्नास पानं. पाहुणे नाकाला पदर लावून जेवले. पुढे मी खाणं बंद केलं टाकीचं, चुना टाकला, गोठ्यातलं ताजं शेण दहा फेऱ्या आणलं. निळी ज्योत परत यायला एकोणीस दिवस लागले. आता दहा घमेल्यांत एकच घमेलं संत्री, त्यावर नाही. पण महालक्ष्म्या काही परत बसवता येत नाहीत.

26 जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि ग्रामसभेला उरली सदतीस माणसं. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढी लागतात. सभा तहकूब. ग्रामसेवकांनी (आता ते 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेत, पण गावाच्या तोंडात अजून ग्रामसेवकच) फेब्रुवारीतली तारीख दिली. त्या दिवशी मात्र माणसं आली. हनुमानाच्या पारापर्यंत.

पहिला प्रश्न पाण्याचा आला, आणि रास्त आला. आमच्याकडे आठशे फुटांवर बोअर कोरडा जातो. शेणाइतकंच पाणी कालवायचं म्हणजे कुणाच्या तोंडचं? मी सांगितलं, स्लरी गाळून तेच पाणी परत फिरवतो, नवं पाणी थोडंच लागतं. एकानं येऊन बघायचं कबूल केलं. मग मी माझं ठेवणीतलं बोलले: वास आला तो खड्डा कच्चा म्हणून, खड्डा कच्चा कारण परवानगी कच्ची. कायमची द्या, पक्कं टाकं बांधते, झाकण घालते.

मला वाटलं जिंकली.

आजी बायकांत मागं बसली होती. उठली नाही, बसल्या बसल्याच म्हणाली, "मंग आधी पक्कं टाकं बांध, अन् मंग माग."

लोक हसले. बँकेचं सांगितलं मी. तिनं ऐकून घेतलं.

"सूनबाई, माह्या घरी वास आला तवा तू आली होती. साडी घेऊन आली, खोटं नाही बोलत. पन काहून आली? कागद सरत होता म्हनून. आता तीन वर्सांनी तरी तू हात जोडून येतं. पर्मनंट झाल्यावर कायले येशीन वो?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ती साडी घेताना अर्जाची तारीख माझ्या डोक्यात नव्हती, असं मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. हे माझ्याकडे बघत होते, मी चटईकडे.

मधे बराच गलका झाला. कोणी म्हणे पाच वर्षं द्या, कोणी म्हणे गावाला पथदिव्याची लाइन फुकट द्या. (याला टाळ्या पडल्या. दीडशे युनिटांत!) शेवटी मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं तोडगा काढला: परवानगी कायमची, पण दर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वहिनींनी स्वतः उभं राहायचं, वर्षभराच्या तक्रारी ऐकायच्या, आणि वास आल्याच्या दिवसापासून लाइन बंद ठेवायची, नीट होईपर्यंत. हात वर झाले. आजीचाही झाला, अर्धा.

ग्रामसेवक पेन घेऊन थांबले. त्यांच्या नमुन्यात 'मुदतीसाठी' किंवा 'कायमस्वरूपी' एवढंच होतं. दोन मिनिटं विचार करून त्यांनी लिहिलं, 'कायमस्वरूपी (अटीसह)'.

पाच आठवड्यांनी तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आलं. प्रकरण त्रुटीत. ठरावातील अट कायमस्वरूपी आहे की तात्पुरती, याचा खुलासा करावा.

पत्र घेऊन आजीकडे गेले. ती माडीवर मुंगवड्या टाकत होती, बोटं पिठानं पिवळी. चष्मा नव्हता म्हणून मीच वाचून दाखवलं. तिनं एक वडी नीट टोकदार केली, दुसरी टाकली.

"लिही, मी हाव तोवर."

"आजी, असं लिहिता येत नाही."

"मंग माह्या नातीचं बी लिही."

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी खुलासा टाइप करून दिला: अट कायमस्वरूपी आहे. तालुक्याला जाऊन मी तो दिला, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. येताना लेथवाल्याकडे थांबून चुऱ्याची दोन पोती घेतली, ड्रमातला काळा पडला होता.