आमची वाटचाल : ‘इट वर्क्स!’चा रविवार

परळला एका खोलीत २००९ साली दोन टेबलं टाकून आम्ही गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवायला आणि आमच्या सर्व्हरवर सांभाळायला सुरुवात केली. पुढची आठ वर्षं बरी गेली. मला सांगायचं आहे ते एप्रिल २०१७ बद्दल, कारण तेव्हा आमचा कोड कुजला, गिऱ्हाइकांचा डेटा गेला असं जे पसरवलं गेलं ते खोटं होतं.

आमचा सर्व्हर ज्यावर चालायचा त्या उबुंटू १२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या सर्व्हरवर गिऱ्हाइकाचं काम ठेवणं मला पटत नाही. शनिवारी रात्री १४.०४ चढवलं, त्याबरोबर अपाची, म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणारा प्रोग्रॅम, २.२ चा २.४ झाला. मध्येच विचारणा आली, कॉन्फिग (अपाचीच्या सेटिंगची फाइल) जुनी ठेवू की नवी घालू? मी नवी म्हटलं. पहाटे कॉन्फिगटेस्टने, म्हणजे ती फाइल नीट लिहिली आहे का एवढंच बघणाऱ्या तपासणीने, ‘सिंटॅक्स ओके’ दिलं आणि मी झोपलो.

सात वाजता लालबागच्या मिरची गल्लीतून आमच्या एका गिऱ्हाइकाचा, दुकानदार काकांचा फोन. “अरे, माझ्या दुकानाच्या जागी इंग्रजीत ‘इट वर्क्स’ आलंय. हे कुणाचं?”

ते अपाचीचं स्वतःचं पान, दुसरी साइट सापडली नाही की दिसणारं. आमच्याकडच्या अकराही साइट तेच दाखवत होत्या. नवीन अपाची फक्त शेवटी ‘डॉट कॉन्फ’ असलेल्या साइट-फाइली उचलतो, आमच्या फाइलींना नुसती गिऱ्हाइकांची नावं. ती बदलली, तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. एरर लॉग सांगत होता, ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’. आमचं सगळं सर्व्हरवरच्या एसआरव्ही नावाच्या फोल्डरात आणि नवी कॉन्फिग व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसारख्या मोजक्या जागा सोडून बाकी सगळं बंद ठेवते. मग प्रत्येक फोल्डरला ‘रिक्वायर ऑल ग्रांटेड’, म्हणजे सगळ्यांना परवानगी, दिलं. मुखपृष्ठं उघडली, आतलं प्रत्येक पान ४०४, ‘सापडलं नाही’! यातच सोमवार उजाडला. २.२ मध्ये ‘अलाउओव्हरराइड’ लिहिलं नाही तर ‘ऑल’ धरलं जायचं, २.४ मध्ये ‘नन’. फोल्डरातली एचटीअ‍ॅक्सेस फाइल मानायची की नाही, हे त्यावर ठरतं. म्हणजे आमच्या त्या फाइलीतले, पत्त्यावरून आतलं पान शोधून देणारे रीराइटचे नियम सर्व्हर वाचतच नव्हता.

यातून तारलं ते माझ्या कापडी बांधणीच्या वहीने. कोणाची साइट कुठल्या फोल्डरात, कुठला नियम का लिहिला, सगळं त्यात पेनाने उतरवलेलं आहे. तुम्हीही अशी वही ठेवा. आणि अपग्रेडनंतर कॉन्फिगटेस्टवर विसंबू नका. अपाची-टू-सीटीएल या कमांडला ‘डॅश कॅपिटल एस’ देऊन साइटची यादी बघा, मग आतलं एखादं पान उघडा. मुखपृष्ठ फसवतं.

त्याच सोमवारी अंधेरीची एक कंपनी आमच्या गिऱ्हाइकांकडे ‘इट वर्क्स’ पानाचे प्रिंटआउट घेऊन फिरली. “यांचा कोड कुजलाय, डेटा गेला, सगळं नव्याने लिहून घ्या.” तिघं गेले. आम्ही प्रोग्रॅमची एक ओळ बदलली नाही, एक नोंद हरवली नाही. चुकली होती ती फक्त सर्व्हरची कॉन्फिग.

काकांचा तर ऐन हंगाम. ब्याडगी, संकेश्वरीच्या ऑर्डरी, मसाला कुटायचे नंबर, सगळं त्या साइटवर. दोन दिवस त्यांनी पावतीपुस्तकावर काढले. अंधेरीच्या माणसाला चहा पाजला आणि सांगितलं, “परळला जा. जे बोललास ते त्याच्यासमोर बोल.” तो आला नाही.

गेलेल्या तिघांपैकी एकाने गेल्या वर्षी फोन केला. जुन्या साइटचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, हवा होता. वहीतून वाचून दाखवला, पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, “तेव्हा तुमचा डेटा गेला होता का?”

“नाही,” ते म्हणाले.