बर्फाच्या मुलखातली बेगमी

हिवाळ्यात काश्मीरला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी बर्फासाठी जातात, आणि मुलांना एकदा भरपूर बर्फ दाखवायचा म्हणून आम्हीही सासूबाईंना सोबत घेऊन जानेवारीत श्रीनगर गाठले. तिथे राहिल्यावर मात्र माझे मत असे झाले की, बर्फ गुलमर्गला दिसतो, पण समजतो तो श्रीनगरच्या बाजारात. ज्यांना दरवर्षी त्या बर्फात दिवस काढावे लागतात ती माणसे त्याच्यासाठी काय वाळवून ठेवतात, सकाळी काय खातात आणि अंगावर काय घेतात, हे पाहिल्याशिवाय त्या सहलीला पूर्णता येत नाही.

२१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना तिथे ‘चिल्लई कलां’ म्हणतात. हा कडाक्याच्या थंडीचा काळ. त्यानंतर २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. या दिवसांत नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि घराबाहेर पडणारी माणसे लोकरी फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी धरून चालतात. अशा थंडीत सर्वांत आधी उजेड दिसतो तो कांदुरच्या, म्हणजे भट्टीवाल्याच्या दुकानात. मोहल्ल्या-मोहल्ल्यात त्याची भट्टी असते आणि सकाळची रोटी घरी न करता त्याच्याकडूनच आणायची, अशी तिथली रीत आहे. सकाळी बोटांच्या खाचा उमटलेला गोल, जाडसर गिर्दा किंवा पातळ लवासा, आणि दुपारच्या चहाला वरून तीळ लावलेला चोचवोर, असे वेळेनुसार पदार्थ ठरलेले असतात. गरम गिर्द्यावर लोणी लावून सोबत नून चाय घ्यायची. हिरव्या चहाची पाने खाण्याच्या सोड्याबरोबर खूप वेळ उकळली की गडद लाल अर्क तयार होतो, आणि त्यात दूध पडले की त्याला गुलाबी रंग येतो. साखरेच्या जागी मीठ असते. मुलांना ती चव मानवली नाही, ती केशर-वेलचीच्या गोड कहव्यावरच खूश राहिली. सासूबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून नून चाय आपणहून मागितली.

सासूबाई रायगड जिल्ह्यातल्या, समुद्राकाठच्या. म्हणूनच जुन्या शहरातल्या बाजारात सुकवलेल्या भाज्यांच्या दुकानासमोर त्या थांबल्या, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. दुधी भोपळ्याच्या चकत्या आणि वांग्याच्या फोडी दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा टांगल्या होत्या, शेजारी वाळलेल्या टोमॅटोचे ढीग होते आणि एका टोपलीत सुके मासेही होते. या सगळ्या वाळवणाला तिथे ‘होख स्यून’ म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, भाजी मुबलक असताना ती चिरून वाळवायची आणि रस्ते बंद झाले की महिनोन्‌महिने त्यावर भागवायचे, ही त्यामागची व्यवस्था. कोकणात पावसाळ्यापूर्वी सुकट, बोंबील, सोडे, कांदे आणि मिरच्या भरून ठेवण्याची जी आगोट असते, तिचेच हे हिमालयातले रूप आहे. तिथे होड्या किनाऱ्याला लागतात म्हणून, इथे घाट बंद होतो म्हणून. जम्मू-श्रीनगर महामार्ग आजही बर्फ आणि दरडींमुळे अडतो. २०२५ च्या जूनमध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली, आणि ताजी भाजी आता हिवाळ्यातही बाजारात दिसते. तरीही वाळवणाला गिऱ्हाईक आहे, कारण गरज कमी झाली तरी ती चव लोकांना हवी असते. दुकानदाराने सासूबाईंना ‘माँजी’ म्हणत हिंदीत सविस्तर कृती सांगितली: फोडी गरम पाण्यात भिजवून पिळायच्या, मोहरीच्या तेलात परतायच्या, आणि त्यात बडीशेपेची पूड, सुंठ व काश्मिरी मिरची घालायची. त्यांनी वांग्याची एक माळ घेतली आणि दोघांचे सुक्या माशांविषयी बराच वेळ बोलणे झाले.

मांसाहार करणाऱ्यांनी पहाटेचा हरिसा चुकवू नये. मांस आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटतात, वरून कडकडीत तेल ओततात आणि तो गिर्द्याबरोबर खातात. हा पदार्थ फक्त हिवाळ्यातच मिळतो आणि सकाळ सरण्याआधी संपतो.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, २,६५० मीटर उंचीवर आहे. तंगमर्गला गमबूट आणि जाड कोट भाड्याने मिळतात, आणि तिथून वर जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधतात. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवतच्या डोंगरावर. आम्ही गेलो त्या दिवशी वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद होता, पण कोंगडोरीलाच मुलांना हवा तेवढा बर्फ मिळाला. लाकडी घसरगाडी ओढणाऱ्यांशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालणारे पर्यटक तिथे पाहिले आणि वाईट वाटले. आपले ओझे बर्फातून चढावर ओढणाऱ्या माणसाशी घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते. त्याचे वर्षाचे उत्पन्न याच थोड्या आठवड्यांवर असते, आणि तेही भरवशाचे नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, तेव्हा गुलमर्गची मैदाने महिनाअखेरपर्यंत तपकिरी होती.

खरेदीत केशर आणि पश्मिना या दोनच गोष्टींना मी वेळ दिला. पांपोरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एका फुलात तीनच तंतू असतात, त्यामुळे किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, आणि स्वस्त केशराबद्दल शंका घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे. कोमट पाण्यात टाकल्यावर खरा तंतू सावकाश पिवळा रंग सोडतो आणि स्वतः लाल राहतो. पाणी झटकन लाल झाले तर डबी परत करावी. पश्मिन्याची परीक्षा इतकी सोपी नाही. शाल अंगठीतून ओढून दाखवणे निरर्थक आहे, कारण पातळ कृत्रिम धाग्याची शालही तशीच सरकते. लडाखच्या चांगथांग भागातल्या शेळीची १२ ते १६ मायक्रॉन जाडीची लोकर चरख्यावर हाताने कातून आणि हातमागावर विणून शाल झाली असेल, तरच तिला मानांकनाची खूणचिठ्ठी मिळते. ती खूणचिठ्ठी असलेल्या शालींची किंमत आम्हाला झेपणारी नव्हती, आणि यंत्रावरची शाल पश्मिना म्हणून विकत घेणे कातणाऱ्या बायकांवर अन्याय करणारे वाटले. म्हणून केशर, पातळ सालीचे कागदी अक्रोड आणि ती वांग्याची माळ, एवढेच घेतले.

सहल आखणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. मुक्कामी पोहे आणि शिरा जरूर द्यावा, वृद्धांना आणि लहान मुलांना त्याचा आधार वाटतो. पण एका तरी सकाळी कोपऱ्यावरच्या कांदुरकडून गिर्दा आणून नून चायसोबत टेबलावर ठेवावा, आणि गुलमर्गच्या दिवसाइतकाच एक दिवस जुन्या शहराच्या बाजारासाठी मोकळा ठेवावा.